मोकळ्या केसांचं कणीस

देवीचं कणीस खुडायचा मान पंधराव्या वर्षी मिळाला आणि अर्पिताचे पाय जमिनीवर ठरेनात. खडकदऱ्यात हा मान म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती. तालुक्याच्या वाशीपासून आठ किलोमीटरवरचं, चाळीस घरांचं गाव, पण रीत राजाच्या थाटाची. पौषात तुळजापूरला शाकंभरीचं नवरात्र बसलं की इकडं शिवारात ज्वारी पिवळी पडायला लागते. त्या पौर्णिमेला सकाळी अर्पिताची मोठीआई, म्हणजे तिच्या चुलत्याची बायको सत्यभामाबाई, अंघोळ करून अनवाणी रानात जायची. सगळ्यांच्या आधी पिकलेलं, सगळ्यांच्या वर मान काढलेलं एक कणीस खुडायची आणि घरी आणून देवघरावरच्या खुंटीला टांगायची. मग आठ-नऊ महिन्यांनी, घट बसायच्या दिवशी, ते चोळून त्याचे दाणे बियाण्याच्या कणगीत मिसळायचे. चाळीस घरांतल्या बाया वाट्या घेऊन यायच्या, ओंजळभर बी न्यायच्या आणि आपापल्या पेरणीत सोडायच्या. देवीचं वाण म्हणतात त्याला. ते पडल्याशिवाय खडकदऱ्यात पेरणीची तिफण हलत नसे. आता ट्रॅक्टर आला, तर ट्रॅक्टरही हलत नाही.

त्या वर्षी मोठीआईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ती ओसरीवर बसली होती, फौजदारासारखी.

"म्या काय आंधळी कोशिंबीर खेळू का रानात?" ती म्हणाली. "तूच जा. हात धुऊन जा. आन् कुणाशी बोलू नको जाताना."

न बोलणं अर्पिताला कठीणच होतं. पण ती गेली, ओठ आवळून, वेणी घट्ट घालून. बांधावर पोचली आणि तिथंच थबकली.

मालदांडी ज्वारीचं कणीस म्हणजे आवळलेली मूठ. दाण्याला दाणा भिडलेला, मध्ये सुईला जागा नाही. पण चार वर्षांपूर्वी या रानात एक वेगळंच ताट, म्हणजे ज्वारीचं धाट, निघालं होतं. माणसाच्या डोक्यावर दोन हात उंच, आणि कणीस असं फाकलेलं, की एकेक काडी वेगळी होऊन वाऱ्यावर झुलायची. गल्लीतल्या गजराबाई आराधीण आहेत, गळ्यात कवड्यांची माळ घालून देवीची गाणी म्हणतात. त्यांनी ते पाहिलं आणि जमिनीला हात लावला. "सत्यभामा, देवीनं केस मोकळे सोडलेत गं! अंगात आल्यावानी दिसतंय बघ." झालं. त्या वर्षापासून देवीचं कणीस म्हणून तेच खुडायचं ठरलं.

पहिल्या वर्षी तसं एकच ताट होतं. दुसऱ्या वर्षी दहा-बारा असतील. आणि आज अर्पिता बांधावर उभी होती, तर रानाच्या निम्म्यातून तशी कणसं वर आली होती. वारा नव्हता, तरी ती हलत होती. सगळी एकाच बाजूला कलून, जणू बायांचा घोळका मान खाली घालून, केस पुढं घेऊन उभा आहे आणि कुणाचंच तोंड दिसत नाही.

तिच्या अंगावर काटा आला. पण मान मिळालेल्या पोरीनं घाबरायचं कसं? तिनं सगळ्यांत उंच, सगळ्यांत फाकलेलं निवडलं आणि विळ्यानं कापलं.

"छान हाय," मोठीआईनं हातानं चाचपून सांगितलं. "पर तसंच टांगू नको. फडकं बांध त्याला. दोन वर्षं झाली, उंदरं लई माजलीत, दाणं पाडतात खाली."

अर्पितानं पांढऱ्या फडक्यात कणीस बांधलं आणि टांगलं. ते फडकं पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कुणी सोडून बघितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्याच आठवड्यात भैरवी मॅडम आल्या. त्या तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातल्या, पण देवळात बसायच्या ऐवजी कृषी विद्यापीठात ज्वारीवर पीएच.डी. करत होत्या. गावोगाव हिंडून ज्वारीची पानं गोळा करायच्या. बोटाएवढ्या नळ्या, त्यावर नंबर, आणि पानाला गोल भोक पाडायचा एक चिमटा. अर्पिताचे मोठेबाबा, लिंबाजीराव, धोतराचा सोगा सावरत त्यांच्या मागं मागं फिरत होते.

"काय ओ बाई, पानाला भोकं पाडून काय घावतंय तुमाला?"

"काका, या एवढ्याशा तुकड्यात पूर्ण ताटाचा नकाशा असतो."

"सातबारा म्हणा की."

"त्याच्यापेक्षा लांब. सत्तर कोटी अक्षरं."

"मग तलाठ्याला दावू नगा बाई. फेरफार व्हायला सात पिढ्या लागतील!"

मॅडम इतक्या हसल्या की नळी खाली पडली. अर्पितानं ती उचलून दिली आणि तिथूनच तिची त्यांच्याशी गट्टी जमली. दिवसभर ती नंबर लिहून देत होती आणि प्रश्नांचा भडिमार करत होती. एक कणीस मूठ, एक कणीस झिंज्या, असं का? एक ताट कमरेएवढं, एक आभाळाला टेकलेलं, असं का?

मॅडमनी सांगितलं ते तिनं वहीत उतरवून घेतलं. प्रत्येक ताटाच्या प्रत्येक पेशीत तीच लांबलचक पोथी असते, तिला जीनोम म्हणतात. ज्वारी-ज्वारीची पोथी जवळपास सारखीच, पण मध्येच कुठं एखादं अक्षर बदललेलं, कुठं ओळ गळलेली, कुठं ओळ दोनदा आलेली. कांडं लांब करायचं की आखूड, काड्या आवळायच्या की फाकवायच्या, हे अशा ठिकाणांवर ठरतं. शेकडो ताटांची पोथी मशीननं वाचायची, प्रत्येकाचं रूप शेजारी मांडायचं, आणि बघायचं की फाकलेल्या सगळ्यांत कोणतं अक्षर सारखं आहे.

"म्हणजे चोर पकडायचा," अर्पिता म्हणाली.

"चोर की पाहुणा, ते वाचल्यावर कळतं." मग मॅडमनी फाकलेल्या कणसावर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा जरा बदलला. "अर्पिता, ही कणसं पिकल्यावर दाणे धरतात ना गं?"

"धरतात की! देवीचं कणीस हाय ते."

मॅडमनी त्या ताटांच्या नळ्या दुप्पट भरल्या. शेजारच्या घट्ट कणसांच्याही घेतल्या.

काढणी फेब्रुवारीत आली. त्या दुपारी अर्पिता जेवणाचं गाठोडं घेऊन रानात गेली, तर रान बोलत होतं. टप. टप टप. टप. ढग नाही, पाखरू नाही, आणि वाळल्या पानांवर पाऊस पडावा तसा आवाज. ती वाकून बघायला लागली. फाकलेल्या कणसांमधून दाणे सुटत होते. कुणी हात न लावता, एकामागून एक. खाली काळ्या भेगांमध्ये ते उतरत होते आणि भेगा त्यांना गिळत होत्या.

"वाऱ्यानं गळतंय," मोठेबाबा म्हणाले.

"वारा कुठाय, मोठेबाबा?"

"काल असंल."

मळणीला पोती निम्मीच भरली. मोठेबाबांनी पाखरांना शिव्या घातल्या, हवेला घातल्या, मळणीयंत्रवाल्यालाही घातल्या. कणसाला कुणीच बोललं नाही. देवीच्या केसांना कोण बोलणार?

अर्पितानं भैरवी मॅडमना मेसेज टाकायचं ठरवलं होतं. पण नववीची परीक्षा आली, मग सुट्टी, मग दहावी. आणि ऑगस्टमध्ये वाशीला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं, तेव्हा तर तिला दुसरं काही सुचेना. "आमचं गाव, आमचं वाण." काय तक्ता काढला होता तिनं! काय बोलली होती ती माइकवर! जी पोरगी मागच्या वर्षीपर्यंत प्रार्थनेला पुढं यायला लाजायची, तिनं पाच मिनिटं परीक्षकांना खुर्चीत खिळवून ठेवलं. आणि शेवटी तिची खास युक्ती. जुन्या वहीच्या पानांच्या एकशेचाळीस पुड्या, प्रत्येकीत कणगीतली मूठभर ज्वारी आणि वर लाल पेनानं 'देवीचं वाण'. प्रत्येक शाळेच्या प्रत्येक मुलाला एक. ढोकीकडून आलेल्या परीक्षक बाईंनी तर पाच मागून घेतल्या, त्यांच्या वर्गासाठी.

"घेऊ का गं कणगीतलं?" असं तिनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"घे की," मोठीआई म्हणाली होती. "वाटल्यानं वाण वाढतंय."

पहिला नंबर आला. ढाल अजून ओसरीवर आहे.

घट बसायचा दिवस उजाडला. अंगणात सकाळपासून बायांची रीघ लागली होती. हातात वाट्या, तांबे, स्टीलचे डबे. देवघरात पत्रावळीवर माती पसरून झाली होती. मोठीआई कणगीपाशी बसली होती, आता चष्मा नाही, दोन्ही डोळे लख्ख. खुंटीवरचं कणीस काढायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात अर्पिताचा फोन वाजला.

"अर्पिता, भैरवी बोलतेय. तुमच्या गावच्या नळ्या वाचून झाल्या. पेरणी झाली का?"

"आज वाण वाटायचंय, मॅडम."

"थांबव." आवाजात घाई होती. "आधी ऐक. दाणा देठाला चिकटतो तिथं एक सांधा असतो. रानटी गवतात पिकल्यावर तो सांधा आपला आपण तुटतो, दाणा खाली पडतो. पिकाच्या ज्वारीत तो तुटत नाही. का, माहितीये? हजारो वर्षं जे गळलं ते रानात राहिलं, ज्यानं धरलं ते माणसाच्या घरी आलं आणि तेच पुन्हा पेरलं गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही, आपोआप निवड झाली. तुमच्या त्या मोकळ्या कणसांत सांधा तोडणारी जुनी अक्षरं परत आलीत. तुमच्या बांधावर कधी ते कापून-कापून फुटणारं चाऱ्याचं गवत लावलं होतं का?"

"व्हय. पाच वर्षांपूर्वी, म्हशींसाठी. पुढं कापायचं राहिलं, फुलोऱ्यात आलं."

"तिथून परागकण आले. ज्वारीचीच जात ती, सहज संकर होतो. पण एरवी काय झालं असतं? ते ताट गळालं असतं, घरी आलंच नसतं. काही रोपं उगवली असती, ती उपटता आली असती. तुमच्याकडं मात्र ते पुन्हा पुन्हा बियाण्यात आलंय, दरवर्षी वाढत. कसं, ते मला कळत नाहीये."

अर्पिताला कळलं होतं. गळायच्या आधीच, पौर्णिमेला, आम्ही ते हातानं खुडून घरी आणतो.

"मग मोकळी कणसं वेगळी काढली तर, मॅडम?"

"हाच तर घोळ आहे. काड्या फाकवणारी जागा वेगळी आणि सांधा तोडणारी वेगळी. पहिल्या ताटात दोन्ही एकत्र आल्या, आता त्यांची फारकत झालीय. तुमच्या घट्ट कणसांच्या नळ्यांतही ती अक्षरं निघालीत, तिनातल्या एकात. रूप बघून आता ओळखू येणार नाही, अर्पिता. तुझ्यासमोर चांगली आवळलेली मूठ असेल, आणि पिकली की उघडेल."

फोन कानाला तसाच धरून ती अंगणात आली. "मोठीआई, वाण वाटू नको."

वाट्यांची खणखण थांबली. गजराबाईंच्या गळ्यातल्या कवड्या तेवढ्या वाजल्या.

"काय म्हणतीस?" मोठीआईनं विचारलं.

"या बियाण्यात गळणारी ज्वारी मिसळलीय. पेरली तर सगळ्यांची रानं गळतील, आपल्यासारखी. देवीच्या कणसातून आलीय ती."

"जीभ झडंल तुझी!" गजराबाई उसळल्या. "ढाल मिळाली म्हणून देवीला शिकवाय लागलीस व्हय?"

"शिकली की शिंगं फुटतात पोरींना," मागून कुणीतरी टोमणा मारला. बाया हसल्या, पण ते हसू लवकर विरलं, कारण मोठीआई हसली नव्हती.

अर्पिताला जीनोम, अक्षरं, सांधा, सगळं एकदम सांगायचं होतं, पण बाया ऐकणाऱ्या नव्हत्या. मग ती देवघरात गेली, खुंटीवरचं फडकं काढून आणलं आणि मोठीआईच्या पुढ्यात ठेवलं.

"तूच सोड."

मोठीआईनं गाठ सोडली. फडक्याच्या तळाशी दाण्यांचा ढीग होता. वर कणीस होतं, पूर्ण रिकामं, नुसत्या काड्या, झिजलेल्या केरसुणीसारखं. एक दाणा चिकटलेला नव्हता.

"उंदरांनी..." गजराबाई म्हणाल्या.

"फडक्यात उंदीर कसा शिरंल, गजरा?" मोठीआई हळूच म्हणाली. "गाठ तर तशीच हाय." तिनं त्या रिकाम्या काड्या हातात फिरवल्या. "माझ्या सासूच्या टायमाला कणीस उघडंच टांगायचो आमी. बारा महिने टांगलं तरी दाणा पडत न्हवता. चोळून चोळून हात सोलायचे. फडकं म्या बांधलं. दोन सालं झाली. दाणं पडाय लागले म्हणून म्याच बांधलं, आन् उंदरावर आळ घेतला." तिनं डोळ्याला पदर लावला. "दोन सालं ते मला सांगतंय, आन् म्या त्याचं तोंड बांधून ठिवलं."

मग ती उठली, कणगीचं तोंड शेणानं लिंपायला घेतलं आणि बायांकडं न बघताच म्हणाली, "जावा. यंदा वाण न्हाय. घरचं बियाणंबी पेरू नगा, ह्येच त्यात मिसळलंय चार सालं. बाहेरून आणा. देवीला काय सांगायचं ते माझं मी सांगते."

चाळीस वाट्या रिकाम्या परत गेल्या. अर्पितानं फोन स्पीकरवर टाकला. तुमच्या रानात ज्वारी नको, हरभरा टाका, म्हणजे गळलेलं उगवलं तर ओळखून उपटता येईल, असं मॅडमनी सांगितलं. "किती सालं?" मोठेबाबांनी विचारलं. "चार-पाच तरी. दाणे मातीत झोपून राहतात," असं उत्तर आलं. मोठेबाबा त्यावर विनोद करतील असं अर्पिताला वाटलं होतं. ते कणगी लिंपायला शेण कालवायला बसले.

फोन अजून चालू होता. "हॅलो? अर्पिता? तुमच्या गावाबाहेर तर हे बी गेलं नाही ना कुठं?"

ओसरीवर ढाल चकाकत होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस अर्पितानं फोनच केले. प्रदर्शनाची यादी मिळवली, शाळांचे नंबर मिळवले. पुड्या फेकल्या, असं काहींनी सांगितलं. काहींना आठवेना. एका गुरुजींनी पुड्या पाखरांना टाकल्या होत्या, मोकळ्या रानात. सगळे मिळून बहात्तर पुड्यांचा पत्ता लागला. बाकीच्या गेल्या कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि ढोकीच्या बाई बदली होऊन गेल्या होत्या; त्या शाळेत अर्पितानं आपला नंबर तेवढा देऊन ठेवला.

माघ लागला तेव्हा एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. किनरा, आनंदानं फुटलेला आवाज.

"ताई, मी देवश्री, सातवी, ढोकी! तुमचं वाण आलं बघा! लई उंच झालंय, शाळेच्या भिंतीच्या वर! आन् केस असे मोकळे सोडलेत की... बाई गेल्या पण आमीच पाणी घातलं."

अर्पिता ताडकन उठली. "देवश्री, हात लावू नका. मी येतेय. उद्याच येतेय."

"या की! पर निम्मी कणसं कालच खुडली आमी, निम्मी शोभेला ठिवलीत. सगळ्या वर्गानं वाटून घेतली. बी धरायला. पोरं पार शिंगोली, तेरपर्यंतची हायेत, ताई. सगळ्यांनी घरी टांगलीत!"

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांच्या मोटरसायकलवरून ती ढोकीला गेली. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. शाळेमागं ताटं उभी होती, वीसेक, भिंतीवरून रस्त्याकडं डोकावत. तिनं पहिल्याला हात घातला आणि उपटायला जोर लावला. वरून टपटप सुरू झालं. जितका जोर लावावा तितकं गळत होतं. तिच्या डोक्यावर, खांद्यावर, भिंतीपलीकडं, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या मोळ्यांवर. ट्रॅक्टर थांबला नाही. देवश्री टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं ताई खेळ करतेय.

पोरांकडून मिळाली तेवढी कणसं त्यांनी पोत्यात भरून आणली आणि अंगणात जाळली. वर्गात एकोणचाळीस पोरं होती. कणसं अकराजणांनी आणून दिली.

घरात आल्यावर मोठीआईनं तिला पुढ्यात बसवलं. "किती धूळ झालीया डोस्क्यात. वेणी सोड."

अर्पितानं वेणी सोडली. केस मोकळे झाले आणि शहाबादी फरशीवर आवाज आला. टप. टप टप.

मोठीआईचा फणी धरलेला हात तसाच थांबला. दोघी खाली वाकल्या, दाणे वेचायला लागल्या. चार सापडले. पाचवा गडगडत उंबऱ्याबाहेर गेला, आणि बाहेर, राख विझवायला ओतलेल्या पाण्यानं, अंगण अजून ओलं होतं.